दहा बटणांची पेटी

पेटीला नांवें ठेवावयाचीं आणि पेटीवांचून गावयास मात्र बसावयाचें नाहीं, ही आपल्याकडील संगीतप्रिय घरांतील जुनी रीत आहे. पेटींत श्रुति नाहींत, पेटींतून मींड निघत नाहीं, पेटीनें गळे बिघडतात, हें आम्ही लहानपणापासून वडील मंडळींच्या तोंडून ऐकत आलों. आणि गुरुवारच्या भजनाला पेटी दहा मिनिटें उशिरां आली तर तीच वडील मंडळी कासावीस होतांना आम्हीं पाहिली आहे. या वादांतील दोन्ही पक्षांचें म्हणणें आम्हांस गेलीं पन्नास वर्षें पाठ आहे. परंतु त्यांत साक्षीस उभा करण्याजोगा एक साक्षीदार आम्हांस पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील लुइझियाना संस्थानांत भेटला. हा साक्षीदार म्हणजे तिकडील एक लहानशी, हातानें घडविलेली पेटी होय. तिला केजन अकॉर्डियन म्हणतात. तिची हकीकत आज वाचकांस सांगावी असा विचार आहे.

आमची ज्येष्ठ कन्या व जांवई लाफायेत गांवीं राहतात. जांवई तेलाच्या धंद्यांत इंजिनिअर आहेत. गेल्या वर्षीं आम्ही उभयतां त्यांच्याकडे चार महिने राहून आलों. परदेशगमनाचीं वर्णनें आतां इतकीं झालीं आहेत, कीं विमानांतील जेवणापासून आरंभ करण्याचा अपराध आम्ही करणार नाहीं. एवढेंच सांगतों, कीं लाफायेतच्या पश्चिमेस मोटारींतून जात असतां दुतर्फा पाण्यानें भरलेलीं भातखाचरें दिसलीं, तेव्हां आमच्या कुटुंबाच्या तोंडून ‘अग बाई, हें तर आपलें कोंकणच!’ असा उद्गार निघाला. पुढें, भाताचें पीक निघाल्यावर याच खाचरांत झिंग्यांच्या जातीचा एक जलचर पोसतात व तो तेथें घरोघर आवडीनें खातात, असें कळल्यावर कोंकणाची ती उपमा त्यांनीं थोडी आंवरती घेतली.

येथील लोक मूळचे फ्रेंच. त्यांचे पूर्वज सतराव्या शतकांत आजच्या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर अकादी नांवाच्या प्रांतांत वसले होते. तो मुलूख इंग्रजांच्या हातीं गेला, आणि बिनशर्त राजनिष्ठेची शपथ हे लोक घेईनात, तेव्हां १७५५ सालापासून इंग्रजांनीं त्यांचीं घरें जाळून, त्यांस गलबतांत घालून देशोधडीस लाविलें. त्यांतलीं कांहीं कुटुंबें दहा वर्षांनंतर लुइझियानांत येऊन पोंचलीं, आणि पुढील वीस वर्षांत आणखी आलीं. ‘अकादियें’ या शब्दाचा आरंभींचा अकार गळला, दकाराचा जकार झाला आणि ‘केजन’ हें रूप सिद्ध झालें. प्राकृताचे नियम वररुचीनें सांगितले. ते मिसिसिपीच्या मुखापाशींही लागू पडतात, हें पाहून आमच्यासारख्या जुन्या संस्कृत मास्तराला जो आनंद झाला, तो वाचकांनीं क्षम्य मानावा.

हे लोक आले तेव्हां त्यांच्यापाशीं गाणीं होतीं आणि फिडल होतें, पेटी नव्हती. पेटीचा तेव्हां जन्मच झाला नव्हता. व्हिएन्ना शहरांत सिरिल डेमियन यानें ‘अकॉर्डियन’ या नांवाचें पेटंट घेतलें तें १८२९ सालीं. त्याच शतकाच्या उत्तरार्धांत जर्मनींत बनलेल्या स्वस्त पेट्या लुइझियानाच्या दुकानांतून आल्या आणि शेतकऱ्यांच्या घरांत शिरल्या. त्या काळीं शनिवारीं रात्रीं कोणाच्या तरी घरीं नाच होई. लांकडी जमिनीवर शंभर पावलें पडूं लागलीं म्हणजे फिडलचा आवाज बुडून जाई. पेटीचा मात्र अंगणापलीकडे ऐकूं जाई. लहान मुलांना शेजारच्या खोलींत निजवून मोठीं माणसें नाचावयास मोकळीं होत, म्हणून अशा नाचालाच ‘फे दो दो’, म्हणजे ‘जोजो कर’, असें नांव पडलें म्हणतात. ताल धरावयास गवत ओढण्याच्या दांताळ्याचे लोखंडी दांते वांकवून केलेला त्रिकोण असे. गरिबाचें संगीत सर्वत्र असेंच अवजारांतून जन्मास येतें. आपल्याकडे घागर व ताट कांहीं निराळीं नाहींत.

या संगीताची पहिली ध्वनिमुद्रिका १९२८ सालीं निघाली. ती जो फाल्कन आणि क्लेओमा ब्रो यांची. पुढच्याच वर्षीं आमेदे आर्द्वें नांवाचा काळा क्रिओल वादक आणि डेनिस मगी नांवाचा गोरा फिडलवाला या दोघांनीं एकत्र बसून ध्वनिमुद्रण केलें. गोऱ्याकाळ्यांचे पाण्याचे नळ निराळे असण्याचा तो काळ होता. आजचा प्रत्येक केजन वादक आर्द्वेंचें ऋण मान्य करतो. त्या आर्द्वेंचा अंत मात्र १९४२ सालीं एका सरकारी वेड्यांच्या इस्पितळांत झाला. १९३० नंतर तेलाचा धंदा वाढला, बाहेरचे लोक व बाहेरचीं गाणीं आलीं, आणि पेटी मागें पडली. महायुद्धानें जर्मनीहून माल येणें बंद झालें. १९४८ सालीं आयरी लजून या जवळजवळ अंध तरुणाची ध्वनिमुद्रिका निघाली आणि लोकांस पुन्हां पेटीची आठवण झाली. पण पेट्या आणावयाच्या कोठून? तेव्हां लेक चार्ल्सच्या सिडनी ब्राऊन यानें जुन्या जर्मन पेट्या उघडून, त्यांचे नमुने पाहून, घरच्या घरीं पेटी बनविली. त्याच्यामागून युनिस गांवचे मार्क साव्वा व इतर बरेच जण निघाले. साव्वा यांनीं १९६६ सालीं काढलेल्या दुकानांत शनिवारीं सकाळीं गांवची वादकमंडळी जमण्याचा प्रघात आहे. त्या बैठकीस आम्हीही एकदां कोपऱ्यांतील खुर्चीवर बसून आलों. १९९० सालीं तर लुइझियाना सरकारानें या पेटीस आपलें अधिकृत वाद्य म्हणून जाहीर केलें. परदेशी कारखान्याचा माल नाहींसा झाल्यावर तो आपल्या परसांत बनवूं लागावें आणि पन्नास वर्षांत ती वस्तु आपल्या कुळाचें चिन्ह होऊन बसावी, हा क्रम आमच्या मतें फार विचार करण्यासारखा आहे. आपल्या पेटीचें कूळही परदेशीच. तिला मांडीपुढें बसविली ती कलकत्त्याच्या कारागिरांनीं, आणि मराठी रंगभूमीवर मानाची जागा दिली ती गोविंदराव टेंब्यांसारख्यांच्या बोटांनीं.

आतां प्रत्यक्ष वाद्याकडे वळूं. आकारानें ती आपल्या घरांतील मोठ्या पोथीच्या पेटीएवढी. उजव्या अंगास दहा बटणें, एकाच ओळींत. डाव्या अंगास खर्जाच्या दोन कळा आणि अंगठ्याखालीं हवा सोडण्याची एक. माथ्यावर चार खुंट्या. जी वर ओढावी तिच्या रीडचा संच खुला होतो. एक संच खालच्या सप्तकाचा, दोन मधले, एक वरचा. आपल्या पेटींत वारा एकाच दिशेनें वाहतो. हिच्यांत भाता दाबला असतां एक सूर आणि ओढला असतां त्याच बटणांतून दुसरा सूर निघतो. दाबतांना मुख्यतः षड्ज, गांधार, पंचम. ओढतांना रिषभ, मध्यम, धैवत, निषाद. म्हणून दहा बटणें, दोन दिशा आणि चार संच मिळून उजव्या अंगास एकंदर ऐंशी रीडी होतात. काळ्या पट्ट्या नाहींतच. पांढरी एक हा षड्ज धरून जी पेटी बनविली, ती जन्मभर पांढरी एकचीच. दुसऱ्या पट्टींत गावयाचें असेल तर दुसरी पेटी घ्यावी. फिडलवाल्यांनाही हिच्यापुढें नमतें घ्यावें लागतें. ते आपल्या तारा एका स्वरानें उतरवून हिच्याशीं जमवून घेतात.

आमच्या कन्येच्या घरापासून तिसऱ्या घरांत असे एक कारागीर राहतात. वय ऐंशीच्या घरांतलें. जन्मभर लोखंडाचें सांधकाम केलें, आणि संध्याकाळीं व रविवारीं परसांतल्या छपरांत बसून पेट्या. आमच्या अकरा वर्षांच्या नातवास त्यांनीं एक जुनी पेटी दुरुस्त करून वाजवावयास दिली होती, त्या निमित्तानें ओळख झाली. पुढें दुपारचा वेळ आम्ही त्यांच्या छपरांतच घालवूं लागलों. मेपल व अक्रोडाच्या फळ्यांचा वास, कोळ्यांचीं जाळीं आणि ऐंशी रीडींचीं ताटें. भाषा अर्धी खुणांची होती, पण कानाला अडचण पडली नाहीं.

पेटी सुरांत लावणें म्हणजे काय, हें ज्यांनीं आपल्याकडील पेटीवाल्यापाशीं बसून पाहिलें आहे, त्यांस हें काम नवें वाटणार नाहीं. आपली रीड पितळेची, त्यांची पोलादाची, एवढाच फरक. रीडीच्या मोकळ्या टोंकापाशीं किंचित घांसलें कीं टोंक हलकें होऊन सूर चढतो. बुडापाशीं, जेथें ती रिव्हेटनें खिळलेली असते तेथें घांसलें कीं ती लवचीक होऊन सूर उतरतो. ‘किंचित’ म्हणजे खरोखरच किंचित. दोन ओरखडे अधिक झाले तर परत दुसऱ्या टोंकानें यावें लागतें आणि असें चारदां झालें कीं रीड मरते. शिवाय टेबलावर ती एक सूर देते आणि पेटींत बसविल्यावर, पेटीच्या पोटांतील हवेच्या स्वभावाप्रमाणें, अगदीं थोडा निराळा देते. म्हणून बसवा, ऐका, काढा, घांसा, पुन्हां बसवा. आम्हीं एका दुपारीं मोजलें, तर एका गांधारासाठीं पेटी अकरा वेळां उघडली व मिटली.

कान काय ऐकतो? दोन सूर अगदीं जवळ पण एक नसले म्हणजे त्यांच्या संगतींत एक कंप उठतो. फरक जितका कमी तितका कंप संथ. सूर जुळले कीं कंप थांबतो. मधल्या दोन संचांत कारागीर मुद्दाम थोडासा फरक ठेवतो, त्यानें आवाजाला कांठ येतो. पॅरिसच्या कांहीं पेट्यांत हा फरक इतका असतो, कीं सूर पाण्यांतल्या चंद्राप्रमाणें डुलतो; केजन पेटींत तो फार थोडा. हा झाला अलंकार. खरी कसोटी निराळी आहे. ती षड्ज आणि गांधार एकत्र दाबल्यावर लागते.

येथेंच आमच्या जांवयांचा आणि म्हाताऱ्यांचा खटका उडाला. जांवयांच्या खिशांतील फोनमध्यें सूर मोजण्याची सोय आहे. त्यांनीं नातवाच्या पेटीपुढें तो धरला. षड्जाला कांटा मध्यभागीं. गांधाराला डावीकडे कलला. ‘बाबा, हा सूर चौदा सेंट उतरला आहे. बरोबर करून द्यावयास सांगूं या.’ सेंट म्हणजे सप्तकाचे बाराशें भाग केले असतां त्यांतला एक. पियानो आणि आपली पेटी यांत सप्तकाचे बारा समान तुकडे पाडलेले असल्यामुळें गांधार षड्जापासून ४०० भागांवर येतो. या पेटींत तो ३८६ वर होता. धैवत त्याहूनही थोडा अधिक उतरलेला, निषाद बारा सेंट उतरलेला. इंजिनिअरास हें चुकीचें वाटल्यास नवल नाहीं. म्हाताऱ्यांनीं कांटा पाहिला, फोन बाजूस ठेवला आणि म्हणाले, कीं तो बरोबर केला तर पेटी बिघडेल.

निकाल लागला तो चार दिवसांनीं, आमच्या कन्येच्या दिवाणखान्यांत. जांवयांच्या वडिलांचा जुना मिरजी तंबोरा त्यांनीं मोठ्या यातायातीनें तिकडे नेला आहे. आम्हीं तो आमच्या पट्टींत, पांढरी एकमध्यें, लावून नुकताच छेडावयास घेतला होता, तोंच म्हातारेबुवा नातवाला पेटी द्यावयास आले आणि दारांतच उभे राहिले. मग जवळ येऊन त्यांनीं फक्त शेवटची, खर्जाची, तार छेडावयास सांगितली. पुन्हां. आणखी एकदां. तार विरत चालली कीं तिच्या पोटांतून जो गांधार उमटतो, ज्याला आपले गवई स्वयंभू म्हणतात, त्याच्यावर त्यांनीं बरोबर बोट ठेवलें: आधीं गुणगुणून, आणि मग पेटीचें बटण दाबून. तंबोऱ्याचा गांधार आणि पेटीचा गांधार एकमेकांत असे मिसळले, कीं कोणता कोठें संपला हें कळेना. कंप नव्हता. जांवयांनीं मग आपल्या घरची आपली पेटी काढून तिचा गांधार दाबला. मध्य सप्तकांत षड्जाशीं तो सेकंदाला सुमारें दहा झटके देत होता. इतकी वर्षें आम्हीं ते झटके ऐकले होते आणि त्यालाच पेटीचा आवाज म्हणत होतों.

गणित सोपें आहे. तारेच्या कंपनसंख्येची पांचपट केली कीं तो गांधार मिळतो. सप्तकांत आणला म्हणजे षड्जाशीं त्याचें नातें पांचास चार. म्हाताऱ्यांनीं हें गणित कधीं केलें नाहीं. जुन्या जर्मन पेट्या उघडून त्यांच्या गुरूनें जो सूर ऐकला तो त्यांनीं ऐकला. जांवयांनींही मोकळ्या मनानें आपला हट्ट सोडला आणि म्हाताऱ्यांच्या घरांतल्या सर्वांत जुन्या पेटीचे सूर एकेक करून मोजून वहींत टिपून घेतले. आम्हांस हें फार योग्य वाटलें. यंत्राचा दोष नव्हताच. त्याला प्रश्न चुकीचा विचारला होता.

आतां आपल्याकडील वादाविषयीं. भरतमुनींनीं दोन वीणा सारख्या लावून, त्यांतल्या एकीचा पंचम एका श्रुतीनें उतरवून श्रुतींचें माप दाखविलें. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयानें शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्यांतही श्रुतींचा मोठा विचार आहे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केलें. अब्दुल करीमखांसाहेबांच्या गळ्याची त्यांस मदत झाली. क्लेमेंट्स नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यासह त्यांनीं श्रुतींची पेटीही तयार करवून घेतली. १९१६ सालच्या बडोद्याच्या परिषदेंत ती पुढें आली, पण जाणत्यांचें समाधान झालें नाहीं. रेडिओनें १९४० सालीं पेटीस दार बंद केलें, तें १९७१ पर्यंत. आमच्या काळांत डॉ. विद्याधर ओक यांनीं पुन्हां बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली. या सर्वांनीं प्रयत्न केला तो एका पेटींत सर्व श्रुति सांठविण्याचा. लुइझियानाच्या शेतकऱ्यानें उलट वाट धरली. त्यानें अकरा पट्ट्या सोडून दिल्या आणि एका पट्टींत खरा गांधार ठेवून घेतला.

याची किंमत द्यावी लागते, आणि ती पाहून तर आम्ही थक्क झालों. गांधार, धैवत, निषाद असे खालीं आणले, कीं रिषभ आणि धैवत यांचा संवाद तुटतो. ते अंतर पंचमाएवढें हवें. तें २२ सेंटनीं तोकडें पडतें आणि दोन्ही बटणें एकत्र दाबलीं तर कानांत खडा आल्यासारखें होतें. भरतांनीं जिला प्रमाणश्रुति म्हटलें, तिचें माप आधुनिक अभ्यासक बहुधा एवढेंच मानतात. म्हणजे नाट्यशास्त्रांतील जो भाग आम्हीं तरुणपणीं घोकला आणि ज्याचा आवाज कधीं ऐकला नाहीं, तो केजन छपरांत एका सांधकाम्यानें आम्हांस बटण दाबून ऐकविला. ते स्वतः धैवत अंमळ चढवून तडजोड करीत. किती चढवावा, हें मात्र ते प्रत्येक पेटीला निराळें ठरवीत आणि त्याचें कारण त्यांस सांगतां येत नसे.

आणखी एक गंमत. पुष्कळ जुनीं विरहगीतें ते लोक षड्जावरून न वाजवितां पंचमाला षड्ज मानून वाजवितात. तसें केलें कीं पेटीचा निषाद गांधार होतो आणि मध्यम होतो कोमल निषाद. म्हणजे आपल्या कानाला सरळ खमाजाची सावली दिसते. बटणें तींच, घर बदललें. मूर्च्छना म्हणजे काय, हें वर्गांत समजावतांना आम्हांस जो त्रास पडे, तो अशी एक पेटी हाताशीं असती तर पडला नसता.

वाजविणें मात्र आम्हांस साधलें नाहीं. गळा ‘सा रे ग’ म्हणतो आणि हात दाब, ओढ, दाब करीत राहतो. रिषभ लांबवावा तर भाता संपतो. मग अंगठ्यानें हवा सोडून तो परत जमवावा लागतो, तोही तालांत. भात्याची दिशा बदलतांना जो झटका बसतो, त्यांतच त्या नाचांचा जोर आहे असें म्हातारे सांगत. आमच्या नातवाला हें पंधरा दिवसांत आलें. बोटें अकरा वर्षांचीं असावयास पाहिजेत, हेंच खरें.

एक गोष्ट सांगावयाची राहिली, आणि ती सांगतांना आमच्या पेशाला थोडें खालीं पाहावें लागतें. लुइझियानाच्या १९२१ सालच्या राज्यघटनेनें शाळांतील सर्व शिक्षण इंग्रजींतच द्यावें असें ठरविलें. हे म्हातारे सहाव्या वर्षीं शाळेंत गेले तेव्हां त्यांस इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. मधल्या सुटींत तोंडून फ्रेंच निघालें म्हणून, फ्रेंच बोलणार नाहीं असें शेंकडों वेळां लिहून द्यावें लागलें. तें वाक्यही अर्थात् इंग्रजींत. म्हणून त्यांनीं आपल्या मुलांशीं घरांत कधीं फ्रेंच बोलून दिलें नाहीं. मुलांना मार बसूं नये, एवढाच हेतु. परिणाम असा, कीं घरांत त्यांची भाषा त्यांच्यापाशींच उरली. गाणीं तेवढीं राहिलीं, कारण गाण्याला शिक्षा नव्हती. १९६८ सालीं सरकारनें फ्रेंचच्या रक्षणासाठीं मंडळ नेमलें, आणि पुढें फ्रेंचमधून शिकविणाऱ्या शाळा निघाल्या. आमचा नातू अशाच एका शाळेंत जातो. म्हाताऱ्यांस फ्रेंच बोलतां येतें, वाचतां येत नाहीं. नातवास वाचतां येतें. त्यामुळें गाण्यांच्या वहींतील ओळ नातू मोठ्यानें वाचतो, म्हातारे तिचा उच्चार गांवठी करून देतात, आणि मग दोघे वाजवितात. आम्ही छत्तीस वर्षें शाळेंत शिकविलें. मुलाच्या तोंडची भाषा चूक आहे असें म्हणावयास मास्तराला एक क्षण लागतो, आणि ती परत यावयास दुसऱ्याच घरचें, तेंही सातासमुद्रापलीकडचें, पोर यावें लागतें, हें पाहून आम्ही त्या छपरांत बराच वेळ कांहीं बोललों नाहीं. घरीं आल्यावर कन्येला एवढेंच म्हटलें, कीं संध्याकाळीं पाढे मराठींत म्हणून घेत जा.

म्हाताऱ्यांच्या कानाचेंही सांगावयास हवें. वरच्या संचांतील बारीक सुरांचा कंप त्यांस आतां ऐकूं येत नाहीं. आम्हांसही येत नाहीं. नव्या पेटीचे ते सूर लावतांना दोघे वृद्ध टेबलाशीं बसत आणि नातू मध्यें उभा राही. म्हातारे घांसत, भाता दाबत, आणि कंप थांबला कीं नातू हात वर करी. फोन जवळच पडलेला असे. वहींतले आंकडे पाहून सूर लावतां आला असता, आणि जांवई एकदां तसें म्हणालेही. पण म्हाताऱ्यांनीं सर्व आठही गांधार नातवाच्या हातावरच लाविले. मागाहून फोननें ताडून पाहिले, तेव्हां सहा अगदीं बरोबर निघाले आणि दोहोंत एकेक सेंटचा फरक निघाला. ते दोन तसेच ठेवले.

स्वदेशीं परत आल्यावर आम्ही आमची घरची पेटी घेऊन नेहमींच्या पेटीवाल्यांकडे गेलों आणि पांढरी एकचा गांधार चौदा सेंट उतरवून द्या म्हटलें. त्यांनीं आमचें सर्व म्हणणें शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाले, ‘मास्तर, उतरवतों. पण तुमचे धाकटे बंधू पांढरी तीनमध्यें गातात. तुमचा गांधार म्हणजे त्यांचा षड्ज. त्यांनीं काय करावें? आणि वहिनी काळी पांचमध्यें गातात, सूनबाई काळी चारमध्यें. घरांत पेटी एक.’ यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. एका घरांत अनेकांनीं नांदावयाचें तर प्रत्येकाचा गांधार थोडा थोडा चढा राहणारच. ती पेटी आम्हीं तशीच परत आणली.

परंतु माळ्यावर वडिलांची एक जुनी पेटी पडून होती. भाता फाटलेला, तीन सूर मुके. ती त्यांच्या स्वाधीन केली आहे आणि ती फक्त पांढरी एकचीच करावी असें सांगितलें आहे. भाता झाला. गांधार व निषाद उतरले. त्यांचा पोरगा फोन धरून बसतो, पण शेवटचा ओरखडा ते तंबोरा लावूनच काढतात. धैवताचें काय करावयाचें, हें विचारावयास ते काल संध्याकाळीं येऊन गेले.